मर्लची मधली वर्षं

मर्ल डंकलीचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, चहाच्या किटलीखाली ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. तिने लिहिलं होतं, ‘ऑल्विन, तुमचं केंद्र म्हणतं, माझा मेंदू इतरांच्या कितीतरी पट वेगाने आटतोय. म्हणून माझा मुलगा डॅरिल माझी बोट विकायला निघालाय. आकडे तू पाहतोस. खरं काय ते कळव.’

खरं काय ते मला ठाऊक होतं. म्हणजे, ठाऊक असावं असं वाटत होतं. होबार्टच्या आमच्या केंद्रात म्हाताऱ्यांच्या मेंदूचे तीनदा फोटो घेत, वर्षाला एक. मर्ल दुसऱ्या वर्षी वेळेवर आली. मग बोटीवरून शेवंडं पकडायचा हंगाम, वादळं, नवऱ्याचं, लेसचं आजारपण. तिसऱ्यांदा उगवली ती चार वर्षांनी. आमच्या गणिताला मात्र पहिली भेट, दुसरी भेट, तिसरी भेट एवढंच कळे. चार वर्षांचं म्हातारपण त्याने एका वर्षाच्या नावावर टाकलं. उलट ट्रकवाला क्लाइव्ह, यंत्राच्या खडखडाटात छान झोप लागते म्हणून, तिन्ही फोटो एकाच उन्हाळ्यात काढून गेला. त्याचा मेंदू आटतच नव्हता. केंद्राचे प्रमुख पायबस त्याला परिषदांतून मिरवत होते.

सकाळच्या चहाला मी धीर करून विषय काढला.

“चूक मर्लची,” पायबस म्हणाले. “वेळेवर यायला काय झालं होतं तिला?”

“पण मधली वर्षं ती जगलीच ना?”

“आपल्या वेळापत्रकात ती वर्षं नाहीत, ऑल्विन. केक घे.”

पुढच्या आठवड्यात परिपत्रक निघालं: दोन भेटींतलं अंतर एक वर्षच धरावं, आणि सहभागी मंडळींनीही तसंच धरावं. केंद्राची वाढदिवसाची कार्डंही त्याच हिशेबाने गेली. मर्ल तीन वर्षांनी लहान झाली. क्लाइव्ह एका उन्हाळ्यात दोन वर्षांनी मोठा झाला आणि पेन्शन मागायला गेला.

मग एका सकाळी रबरी बूट घातलेली मर्लच चहाच्या खोलीत उभी राहिली.

“कार्ड मिळालं,” ती पायबसांना म्हणाली. “मधली वर्षं झालीच नाहीत म्हणे. मग माझा लेस गेला कधी?”

पायबसांनी कागद चाळले. “आमच्या नोंदीप्रमाणे, मर्ल, ते अजून आहेत.”

“बरं झालं. त्याला म्हणावं घरी ये, बोटीचा तळ खरवडायचा पडलाय.”

पायबसांनी ते टिपून घेतलं.

ती माझ्याकडे वळली. “आणि तू रे? पत्र खाल्लंस की काय?”

“सांगणारच होतो. तसं पाहिलं तर...”

“तोंडी नको. डॅरिलला कागद लागतो. शनिवारी गिऱ्हाईक येतंय.”

त्या दुपारी मी भेटींचे क्रमांक काढून खऱ्या तारखा घातल्या. मर्लची उतरती रेघ इतरांच्या घोळक्यात जाऊन बसली. उत्तर लिहायला मात्र संध्याकाळ झाली. तीन ‘बहुधा’ खोडले, एक ठेवला. ‘मर्ल, तुझा मेंदू तुझ्या वयाच्या माणसांइतकाच आटतोय, बहुधा माझ्याइतका. मधल्या काळात तो हळूहळू उतरला की लेस गेला त्या हिवाळ्यात एकदम, हे तीन फोटोंवरून मला सांगता येत नाही. पण या आकड्यांवरून कुणी बोट विकू नये. डॅरिलला दाखव.’ खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

बंदराजवळच्या तातडीच्या टपालाच्या पिवळ्या पेटीत पाकीट टाकलं. मग फटीत बोटं घालून पाहिली. ते परत निघण्यासारखं नव्हतं.