टेकडी मोडायला घरचा माणूस

पडद्यावर टेकडी उगवली आणि सभागृहभर टाळ्या वाजल्या. दशांशनेही वाजवल्या, पण कशा, तर उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर, जणू तिथे बसलेला डास न उठवता मारायचाय. ज्यांच्यासाठी हा गजर चालला होता त्या मॅडम म्हणजे त्याची बायको.

दशांश हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. हा गृहस्थ कुठलाही आकडा टिंबाच्या पुढे नेल्याशिवाय सोडत नाही, म्हणून ते चिकटलं. लग्नाला होकार देतानाही म्हणे त्याने ‘थोडं इकडेतिकडे धरून’ अशी पुस्ती जोडली होती. मॅडमना मात्र सगळे मॅडमच म्हणतात, बैठकीत तोसुद्धा. घरी ‘अगं’ आणि बैठकीत ‘मॅडम’. या दोन हाकांच्या मधल्या जागेत माणूस किती कडवट होऊ शकतो, ते त्याच्याकडे बघून कळावं.

आमच्याकडे जमिनीखाली एक मोठा गोल बोगदा आहे. त्यात एका दिशेने इलेक्ट्रॉन येतात आणि समोरून त्यांचे उलटे भाऊबंद, पॉझिट्रॉन. दोघं धडकले की दोघंही संपतात आणि त्यांच्या ऊर्जेतून दुसरे कण निघतात. या धंद्यात जमेची बाजू पक्की असते, कारण आत किती ऊर्जा घातली ते आपणच ठरवलेलं असतं. मग बाहेर आलेलं मोजायचं. बाहेर कमी भरलं, तर समजायचं की न दिसणारं कुणीतरी हात मारून गेलं. मॅडम या न दिसणाऱ्याच्या मागावर होत्या. धडकेतून प्रकाशाचा एकच कण, एकटा फोटॉन दिसला आणि बाकी सगळं गायब, अशा घटना त्या गोळा करायच्या. पळून जाणारा दरवेळी तोच आणि तेवढ्याच वजनाचा असेल, तर मागे राहिलेला फोटॉनही दरवेळी तेवढ्याच ऊर्जेचा भरणार आणि आलेखावर त्या जागी टेकडी उभी राहणार. आज ती उभी राहिली होती.

दशांशचं काम तराजूचं. फोटॉन पकडायला धडकेच्या जागेभोवती स्फटिकांची भिंत रचलेली आहे. फोटॉन आदळला की स्फटिक लुकलुकतो, पण सगळे सारखे लुकलुकत नाहीत. नव्या खेपेचे लखलखीत, जुन्या खेपेचे मंद. म्हणून प्रत्येकाचा एक गुणक असतो. लुकलुकीला त्या गुणकाने गुणलं की खरी ऊर्जा मिळते. कुठला तराजू किती खोटा आहे हे ठरवण्यात दशांशचं आयुष्य गेलं. त्याच्या गुणकांवाचून कुणाचाही आकडा पुढे सरकत नाही, मॅडमचाही नाही. पण पाया बघायला कोण येतं? लोक गच्चीवर जातात.

आता पेटीचं सांगायला हवं. शोधाच्या कामात खरा आलेख आधी बघायचा नाही, असा आमच्यात दंडक आहे. कुठल्या घटना घ्यायच्या, कुठल्या टाकायच्या, हे आधी ठरवायचं, चारचौघांत पक्कं करायचं, आणि तोवर आलेख बंद पेटीत. नाहीतर माणूस मनासारखं दिसेपर्यंत चाळणी बदलत बसतो. पेटी उघडायचा दिवस मात्र सगळ्या इमारतीला ठाऊक असतो. लग्नाच्या तारखेसारखी त्याची चर्चा चालते.

त्या दिवसाच्या आधी दशांशने घाईघाईत आपला पेपर बाहेर काढला होता. धडकेतून फोटॉनच्या जोड्या किती निघतात, त्याचं मोजमाप, आजवरच्या सगळ्यांपेक्षा बारीक. त्याचा हिशेब सरळ होता. मॅडमची पेटी उघडली की मग आपल्याला कुत्रं विचारणार नाही, तेव्हा आधीच उरकू. पेपर आला. संचालकांनी लिफ्टमध्ये त्याच्या पाठीवर थाप मारली, “वाचतो हं,” म्हणाले आणि पुढच्या मजल्यावर उतरले. सगळी मिळकत एवढीच.

टेकडी दिसली त्या संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा आईच्या हातातला फोन तापलेला होता.

“सगळ्यांना कळवून झालं बाई. मावशी तर रडलीच! सूनबाईंना नवा कण सापडला म्हणजे काय चेष्टा आहे?”

“आई, सापडलेला नाही. टेकडी दिसलीय नुसती. आणि बाहेर सांगायचं नसतं.”

“मावशी बाहेरची का?” आईने फोन खाली ठेवला. “तुझंही काहीतरी छापून आलं ना मध्ये? त्यात काय सापडलं?”

“सापडलं नाही. मोजलं.”

“काय मोजलंस?”

“जे आधी माहीत होतं तेच. जास्त अचूक.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. शाळेच्या शर्यतीत तो शेवटून दुसरा यायचा तेव्हा ती असंच पाहायची. “बरं बरं,” ती म्हणाली, “तेही लागतंच की कुणीतरी.”

स्वयंपाकघरात बायको चहा गाळत होती. तिकडून ठसका लागल्यासारखा आवाज आला. तो ठसका नव्हता हे दशांशला नीट माहीत होतं.

टेकडी दिसली म्हणून आमच्याकडे लगेच दवंडी पिटत नाहीत. आधी एक ‘मोडणारा’ नेमतात. त्याने ती टेकडी खोटी ठरवायची, जमेल त्या वाटेने. परक्याने मोडून नाचक्की करण्यापेक्षा घरच्याने मोडलेली बरी. त्यातून वाचली तरच जगाला सांगायचं. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत संचालकांनी विचारलं, कुणाला नेमू या? मॅडमनी मान वर न करता सांगितलं, “दशांशना.”

सभागृहात खसखस पिकली. संचालकांनी चष्मा काढला. “मॅडम, अहो, नवऱ्याला? लोक म्हणतील घरच्या घरी मिटवलं.”

“लोकांनी यांना नीट पाहिलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हा सगळ्यांना ही टेकडी खरी व्हायला हवीय. नाव होईल, यंत्राला आयुष्य वाढवून मिळेल. या इमारतीत एकच माणूस आहे ज्याला ती मनापासून नकोय. त्यालाच द्या.”

दशांशचे कान तापले. “मी अगदी वस्तुनिष्ठपणे—”

“वस्तुनिष्ठ नको,” मॅडम म्हणाल्या. “आहात तसेच राहा.”

आणि तो तसाच राहिला. मत्सर सुटी मागत नाही, बढती मागत नाही, चहालाही उठत नाही. असा कामगार पगार देऊन मिळत नसतो. दशांशने आधी यंत्रावर संशय घेतला. बोगद्यातल्या झोतांची ऊर्जाच सरकली असेल. नव्हती सरकली. मग आकाशातून येणारे भटके कण. त्यांनाही मॅडमनी आधीच गाळलेलं. मग मॅडमची चाळणी. ती त्याने उलटीपालटी केली, भोकं मोजली. चाळणीत खोट निघेना. दरवेळी त्याला त्यांच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगावं लागे, “ह्याने पडत नाही.”

“अरेरे,” त्या म्हणत, इतक्या कळवळून की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. घरी जेवताना वाडगं पुढे सरकवत विचारत, “काय रे, उभी आहे का अजून?”

“आहे.”

“खा मग नीट. अंगात बळ पाहिजे.”

आईलाही चेव येई. “तू कशाला तिच्या मागे लागलायस? स्वतःचं काहीतरी शोध ना!”

सगळ्यांवर संशय घेऊन झाला, फक्त भिंतीवर घेतला नव्हता. भिंत त्याची होती ना! शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा त्याने टेकडीतले फोटॉन भिंतीवर कुठे कुठे पडले ते मांडून बघितलं. खरा कण असता तर ते भिंतभर शिंपडले गेले असते. हे सगळे एकाच चौकटीत, म्हणजे भिंतीतल्या स्फटिकांच्या एकाच गठ्ठ्यात, दाटीवाटीने बसले होते.

त्या चौकटीच्या शेजारची चौकट आमच्यात बदनाम आहे. तिच्या बरोबर समोर, पलीकडच्या भिंतीत, नळ बाहेर काढायला एक फट ठेवलेली आहे. धडकेतून फोटॉनची जोडी निघते ती पाठीला पाठ लावून. त्यातला एक बदनाम चौकटीत पडला की त्याचा जोडीदार समोरच्या फटीतून पसार होतो, आणि राहिलेला उगाच एकटा दिसतो. म्हणून बदनाम चौकटीतले एकटे फोटॉन मॅडम आधीच टाकून द्यायच्या. पण ही चौकट तर सोज्वळ होती. तिच्यासमोर फट नव्हती.

दशांशने आपल्याच पेपरचा कचरा उपसला. जोड्या मोजताना त्याने काही जोड्या फेकल्या होत्या, कारण त्यांतला एक फोटॉन यंत्राने घातलेल्यापेक्षाही जास्त ऊर्जा दाखवत होता. जमेपेक्षा खर्च जास्त, म्हणजे अशक्य, म्हणजे कचरा. आता पाहिलं तर हे जास्तीचे फोटॉन सगळेच्या सगळे बदनाम चौकटीत. आणि प्रत्येकाचा जोडीदार समोर हजर. फट असताना हजर कसा?

चौकटींची अदलाबदल झाली होती. यंत्र मध्यंतरी दुरुस्तीला बंद होतं तेव्हा केबली काढून पुन्हा बसवल्या होत्या. शेजारशेजारचे दोन जाड प्लग एकमेकांच्या जागी गेले होते. बदनाम चौकट जुन्या मंद स्फटिकांची, सोज्वळ नव्या लखलखीत स्फटिकांची. हिचा गुणक तिला लागला आणि तिचा हिला. बदनाम चौकटीतले एकटे फोटॉन सोज्वळ चौकटीच्या नावावर चढले, चाळणीतून सुटले, आणि चुकीच्या गुणकाने कमी भरले. कमी भरले म्हणजे वाटलं, कुणीतरी हात मारला. टेकडी म्हणजे एवढंच.

“मोडली!” दशांश मोठ्याने म्हणाला आणि खुर्चीतून उठला. अंगणात पेढे वाटावेत असा चेहरा झाला होता त्याचा.

मग तो हळूच पुन्हा बसला.

केबलींना हात लागला की सगळे गुणक नव्याने काढायचे, असा नियम आहे. तो नियम कुणी घालून दिला? दशांशने. आणि या वेळी ‘जुनेच चालतील’ असं कुणी ठरवलं? त्यानेच. नवे काढत बसला असता तर पेपर पेटीच्या आधी निघाला नसता. टेकडी मॅडमनी रचली नव्हती. त्यांना ती त्याच्या घाईने आंदण दिली होती. आणि टेकडी पाडायची तर तिच्याखाली त्याचा पेपरही गाडला जाणार होता, टिंबापुढच्या सगळ्या अंकांसकट.

त्याने खोलीचं दार लावून घेतलं. गप्प बसलं तर? पेपर राहतो. टेकडी जगभर गाजते. कधीतरी कुणी परका ती पाडेल आणि तेव्हा हसं होईल बायकोचं. हा विचार त्याला क्षणभर गोड लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तोवर काय? तोवर व्याख्यानं, मुलाखती, मावशीचं रडणं, आणि संचालक लिफ्टमध्ये विचारणार, “काय, मॅडम कशा आहेत?” ते ऐकत राहणं त्याच्या तब्येतीला झेपणारं नव्हतं. शिवाय तिचं हसं झालं तर ते ह्याच्या चुकीपायी, आणि रोज जेवायला समोर बसणार तीच. सत्याची चाड किती, मत्सर किती आणि बायको किती, याचं प्रमाण त्यालाही काढता आलं नसतं, आणि प्रमाण काढण्यात तर तो वाकबगार.

बैठकीत तो उभा राहिला. बायकोला आधी सांगितलं नव्हतं. मोडण्याचं सुख चारचौघांत घ्यायचं होतं ना. त्याने चौकटी दाखवल्या, प्लग दाखवले, कचरा दाखवला. टेकडी पडद्यावर बघता बघता सपाट झाली.

मॅडमनी वही उघडली. मग विचारलं, “गुणक कधीचे?”

“दुरुस्तीच्या आधीचे.”

“केबली काढल्यावर नवे नाही काढले?”

“वेळ नव्हता.”

“कशापायी नव्हता?”

कुणीतरी खुर्ची सरकवली. संचालक स्वतःच्या नखांकडे बघू लागले.

“पेटी उघडायच्या आत पेपर काढायचा होता मला,” दशांश म्हणाला. “तो मी मागे घेतोय.”

मॅडम उठल्या. “मग माझी टेकडीही मागे,” त्या म्हणाल्या. “चूक घरातच सापडली, बरं झालं. ज्यांनी शोधली त्यांचे आभार.” आवाज शेवटच्या शब्दाला जरासा फाटला, पण त्या ताठ उभ्या होत्या.

आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मॅडमच्या मोठ्या मनासाठी. टेकडी उगवली तेव्हापेक्षाही जोरात. दशांशच्या हातात पडद्यावर लाल ठिपका दाखवायची कांडी होती, म्हणून तो सुटला. नाहीतर त्यालाही वाजवाव्या लागल्या असत्या.

घरी जाताना गाडी सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, “तुला आधी सांगायला हवं होतं.”

“हो.”

“रागावलीस?”

“रडून झालं मघाशी, जिन्यात.” तिने काच थोडी खाली केली. “मी तुझ्या भिंतीकडे एकदाही वळून पाहिलं नाही, माहितीय? म्हटलं, ती त्याची आहे, ती काय चुकणार.”

त्याला वाटलं, शिवी दिली असती तर बरं होतं. त्याच्या कामाबद्दल एवढं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि पेपर आता नव्हता.

दारातच आई उभी. “कळलं सगळं. मावशीला मी सांगितलं, एवढं मोठं हातातलं सोडून द्यायला काळीज लागतं! सूनबाई, बस तू, पाणी आणते.” मग मुलाकडे वळून, “आणि तू काय केलंस तिथे?”

“मोजलं,” दशांश म्हणाला.

यंत्र पुन्हा सुरू झालं आहे. दशांश सगळे गुणक नव्याने काढतोय, नियमाने, एकेक. मॅडमची नवी पेटी भरत आली आहे. परवा जेवताना त्याने ताटातून मान न उचलता, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मग, कधी उघडताय?”

मॅडमनी वाडगं त्याच्याकडे सरकवलं.

“इमारतीत सगळ्यांना सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “तुला तेवढं सोडून.”