शंकांचं बाक

पंचावन्नाव्या वर्षी मी संगणकाचा वर्ग लावला, तेव्हा शिक्षकखोलीतल्या लोकांनी दात काढले. हसोत बापडे. शिकल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा जुना आजार आहे. नवरा म्हणायचा, हिला स्वर्गात पाठवलं तरी ही आधी तिथली शाळा कुठे आहे ते विचारेल. तो गेल्यावर घरात बोलायला माणूस उरलं नाही आणि आजार आणखीच बळावला.

मी गणित शिकवते. मुलांच्या शंका सोडवणारा एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, शाळेच्या संगणकांवर आणायचं ठरलं. बाकीच्यांनी अंग काढून घेतल्यावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. उन्हाळ्याची सगळी सुट्टी मी त्यात घातली. अपूर्णांकांच्या बेरजेत पोरं छेदात छेद का मिळवतात, उणे चिन्ह नेमकं कुठे गिळतात, हे मला तोंडपाठ. ते सगळं त्या यंत्राला शिकवलं. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायची आणि कुणी चुकलं तर चिडायचं नाही, असंही बजावलं. यातलं दुसरं मला स्वतःला फारसं जमत नाही.

कार्यक्रम झकास चालला. इतका, की मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाजवळचं बाक ओस पडलं. पूर्वी मला धड डबा खाता यायचा नाही. एका हातात घास आणि दुसऱ्या हातात कुणाची तरी वही. आता निवांत जेवायला मिळत होतं, तर घास उतरत नव्हता. थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतलास, आता कुरकुर कशाला? ताईचं नेहमी बरोबर असतं, म्हणून मी तिला फोन कमीच करते. मला फार काही नको होतं. एखादं तरी पोर शंका घेऊन माझ्याकडे यावं, एवढंच.

मग एका सोमवारी कार्यक्रम बंद पडला. नवी उदाहरणं भरताना मीच घोळ घातला होता, ते बघताक्षणी कळलं. दुरुस्ती चुटकीसरशी झाली असती. पण मधल्या सुट्टीत दारात गर्दी झाली, बाक भरलं, दोघं तर खाली फरशीवर बसली. मी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं की काम किचकट आहे, वेळ लागेल. तो आठवडा फार सुखाचा गेला. घसा बसला तरी मी बोलत होते.

गुरुवारी सगळे पांगल्यावर सातवीतली एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी हौसेने तिला बाकावर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"बाई, ते पुन्हा कधी सुरू होणार?"

काय अडलंय ते मला विचार की, मी म्हटलं.

"मला एकदा सांगून कळत नाही," ती खाली बघत म्हणाली. "तिथे मी एकच उदाहरण दहादा विचारते."

"मग मला दहादा विचार."



"तुम्ही सांगाल, बाई. पण तुमचा चेहरा दिसतो ना."

मला आधी राग आला. मग माझा चेहरा कसा दिसत असेल ते मनात आलं, आणि रडूच कोसळेल असं वाटलं. मी टेबलावरच्या संगणकाकडे वळले, चुकीचं उदाहरण काढलं आणि कार्यक्रम चालू केला. झालं सुरू, असं सांगितल्यावर ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली आणि संगणकाच्या खोलीकडे पळाली.