चार किलोमीटरच्या गाडीची कैफियत

मी एक जुनी गाडी आहे, पण मला कधी कुणी विकत घेतलेलं नाही. मी शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी. तीन वर्षांत हजारो लोकांनी मला चालवून बघितलं आणि घरी नेली ती माझी कोरी करकरीत बहीण. मित्रांनो, आज मी भयंकर चिडले आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या दारांवर 'चालवून बघा' असे भलेमोठे स्टिकर चिकटवले. मला वाटलं, काय हा मान! कसला मान अन् कसलं काय! येईल तो माझ्या टायरला लाथ मारतो. टायरने तुमचं काय घोडं मारलंय? कुणी दार धाडकन आपटतो आणि "दणकट आहे बरं का" म्हणून खूश होतो. एका गृहस्थांनी तर हँडब्रेक न सोडताच मला पळवलं आणि उतरून नाक मुरडलं, "पिकअप नाही हो हिला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, ते सोडा.

माझी फेरीही ठरलेली. फाटकातून डावीकडे, गुळगुळीत रस्ता, पेट्रोल पंपापाशी वळण, की परत. चार किलोमीटर. उजवीकडे खड्डे आहेत, चढ आहे, म्हणून आमचा सेल्समन तिकडे फिरकतच नाही. खरं काय ते कळेल ना गिऱ्हाइकाला!

गेल्या शनिवारी एक नर्सताई आली. सोबत तिचा मोठा भाऊ आणि वॉकर घेतलेली आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. आठवड्यातून तीनदा तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं, म्हणून ताई साठवलेल्या पगारातून पहिली गाडी घेणार होती. आता सांगा, आधी कुणाला बसवायला हवं?

बसला भाऊ! एकदा मिक्सर दुरुस्त केल्यापासून घरात त्याला सगळे 'इंजिनियर' म्हणतात. स्टिअरिंग त्याच्या हातात, सेल्समनचं सगळं बोलणं त्याच्याशी, आणि जिचे पैसे ती ताई मागच्या सीटवर. आईला भाऊ म्हणाला, "तू कशाला दगदग करतेस? चक्करच तर मारायचीय." ती बिचारी काचेआड खुर्चीत, हातात गार झालेली कॉफी.

परत आलो तर सेल्समनने फॉर्म पुढे केला. "मॅडम, आज बुकिंग केलंत तर सीट कव्हर फुकट." ताईने पेन उघडलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. अरे, माझी सीट किती खाली आहे, ते मला विचारा की! पण हॉर्न माझा असला तरी वाजवणारा हात लागतो ना.

तेवढ्यात वॉकरची टकटक ऐकू आली. आई स्वतःच माझ्यापर्यंत चालत आली होती.

"मला बसून बघू दे गं."

"आई, घरी आल्यावर बस की रोज," भाऊ म्हणाला.

"रोज बसायचंय म्हणूनच आज बसते."

ती बसली. बसणं सोपंच होतं, धपकन खाली गेली. उठताना मात्र सगळा घोळ झाला. तिने वरचं हँडल धरलं, दाराची कड धरली, दोनदा जोर लावला. गुडघे उचलेनात. ओठ घट्ट मिटून तिने तिसऱ्यांदा प्रयत्न केला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतकी लाज वाटली, की आत्ताच्या आत्ता उंच व्हावंसं वाटलं.

"होईल सवय," भाऊ पुटपुटला.

"सवय माझ्या गुडघ्यांना लावायची, की दुसरी गाडी बघायची?" आई म्हणाली.

ताईने पेन बंद केलं. आईला काखेत हात घालून उठवलं आणि भावाला म्हणाली, "दादा, आता गाडी मी बघते. आईला घेऊन. आणि उजवीकडच्या रस्त्याने." माझ्याच शेजारी उभी असलेली उंच सीटची गाडी तिने स्वतः चालवली, आई पुढे बसली. तासाभराने तीच ठरली. आई त्या गाडीतून एकटी उतरली, कुणाचाही हात न धरता.

सेल्समन माझ्याकडे बघून म्हणाला, "हिच्यामुळे गिऱ्हाईक गेलं." माझ्यामुळे? डोकं फिरलंय का याचं? गिऱ्हाईक तर दोन पावलं बाजूला, आमच्याच दुसऱ्या गाडीकडे गेलं होतं!

पुढच्या महिन्यात माझे स्टिकर खरवडून मला जुन्या गाड्यांत उभं करणार आहेत. करू देत. पण मित्रांनो, तुमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं, तर मोठ्यांना एवढं बजावून सांगा: जिच्यासाठी घेताय तिला आधी बसवा. आणि उतरवूनही बघा. टायरला लाथ मारून काही कळत नाही.

त्या दिवशी जाण्याआधी आई पुन्हा माझ्याजवळ आली होती. माझं दार उघडंच राहिलं होतं. "गाडी वाईट नाही हो," ती म्हणाली, "माझ्या गुडघ्यांची नाही, एवढंच." आणि तिने ते हळूच लावलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.