उसामागची रेंज

पुण्याजवळच्या मांजरी गावच्या उसाच्या पट्ट्यात रेंज नव्हती म्हणजे किती नव्हती? तिथून फोन लावला तर 'संपर्क होऊ शकत नाही' एवढं सांगायलासुद्धा ती बाई यायची नाही! मंदाकिनीची कॅब त्या वळणावर शिरली की ॲपच्या नकाशावरून गडप. गिऱ्हाईक तिकडे बोंबलणार, आणि ट्रिप हिनेच रद्द केली असा शिक्का हिच्या माथी. आता आणखी एक रद्द झाली की ॲपवरचा आयडी कायमचा बंद आणि गाडी दारात उभी.

म्हणून ती सलिलच्या ऑनलाइन 'रेंज द्या' मोहिमेत शिरली. पण एक डोळा त्याच्यावर ठेवूनच. शेजाऱ्याला वायफायचा पासवर्ड न देणारा पेठेतला माणूस मांजरीच्या रेंजसाठी का रडतोय?

"सलिलदादा, यात तुमचं काय हाय?"

"काही नाही हो ताई. म्हणून तर संशय येतो लोकांना."

त्याने आठवडाभर आधीच नेटवर डंका पिटला होता: शनिवारी सकाळी महिला चालक त्याच वळणावरून लाइव्ह जाणार! रेंज नसलेल्या जागेवरून लाइव्ह कसं जाणार, हे हजारो लाइकवाल्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

शनिवारी बायकांच्या सात गाड्या वळणावर लागल्या. सलिलने फोन उंचावला आणि त्याचा चेहराच पडला. रेंज फुल्ल! लाइव्ह धो धो चालू. खाली शेरे सुरू झाले, 'ट्रिप ह्याच टाळतात, खापर टॉवरवर.'

सलिल बायकांकडे तिरका बघू लागला, बायका सलिलकडे. "फितूर झालात काय ओ?" उत्कर्षाने विचारलंच. तिची कॅब मंदाकिनीच्या मागेच होती.

मंदाकिनीला मात्र उसातून घरघर ऐकू आली. पाचट बाजूला सारून बघते तर ताडपत्रीखाली व्हॅन, वर उंच खांब. चाकांवरचा टॉवर! शेजारी चालक, छातीवर मोबाइल कंपनीचा बिल्ला: योगेश.

"दादा, छापा घालायचा तर निमंत्रणं कशाला वाटली?" ती सलिलवर कडाडली. मग बायकांनी सातही गाड्या व्हॅनभोवती अशा लावल्या की मधून मुंगीने अंग चोरून जावं.

"बाई, गाडी काढायचीय."

"काढा की. रिव्हर्स येतो ना?"

तेवढ्यात मंदाकिनीचा फोन वाजला. ट्रिप! घेतली तर गाडी हलवावी लागणार आणि व्हॅन निसटणार. सोडली तर आयडी गेला. पण बरोबर आत्ताच कशी आली? तिने गिऱ्हाइकाचं नाव पाहिलं. योगेश. रेंज इतकी चोख की ठिकाणही नेमकं दाखवलं: हाच ऊस.

योगेशने फोन खिशात सारला.

मंदाकिनीने ट्रिप स्वीकारली, दार उघडलं. "आले बघा दारात. बसा साहेब. ओटीपी?"

"मी... कॅन्सल करतो."

"करा ना," सलिल गोड आवाजात म्हणाला, "आठ हजार लोक बघतायत."

योगेश मुकाट बसला. मंदाकिनीची गाडी निघते न निघते तोच उत्कर्षाने आपली मागे घेत फट बुजवली. ठिकाण होतं मार्केट यार्ड. ट्रिप वळणावर एकदाही न तुटता पुरी झाली, आयडी वाचला.

व्हॅन मात्र चालकाविना तिथेच राहिली. म्हणतात, आता तिच्या खांबावर पोपट बसतात, आणि त्यांनाही रेंज मिळते.