दुप्पट वेगाने ‘सावकाश’

“अगं बाई, घाबरणंसुद्धा साजूक तुपासारखं पुरवून पुरवून वापरावं,” मैत्रीण योगिनी ऋताला एकदा म्हणाली होती. “असंच डावाने ओतत राहिलीस ना, तर खरी वेळ येईल तेव्हा बरणी रिकामी असेल. आणि उसनंही कुणी द्यायचं नाही.”

ऋताने मान हलवली होती खरी, पण ती आपल्या तान्ह्या राजसच्या डायपरचा फोटो मोठा करून बघत होती. हिरवट की पिवळट, हा प्रश्न तुपापेक्षा तातडीचा होता.

ऋताच्या घाबरण्याची कीर्ती नेदरलँड्समधल्या लायडस्खेनडामपासून रायस्वाइकपर्यंतच्या सगळ्या मराठी घरांत पोचली होती. गणपतीच्या कार्यक्रमात गॅस गळतोय असं ओरडून तिनेच भर आरतीत अख्खा हॉल रिकामा करवला होता. माणसं सोवळ्या-शालूंसकट पावसात उभी राहिली आणि आत सापडली ती कुणाचीतरी उघडी राहिलेली हिंगाची डबी. पुढे समोरच्या डच आजीचे पडदे दिवसाढवळ्या बंद दिसले. ज्या देशात लोक रात्रीसुद्धा पडदे ओढत नाहीत तिथे ही गोष्ट साधी नव्हे, म्हणून तिने अर्धी गल्ली गोळा केली. आजी कॅरव्हॅन घेऊन स्पेनला गेली होती. आणि हाउसआर्ट्सकडे, म्हणजे वस्तीतल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, फोन उचलणारी बाई तर आता तिचं नावही विचारत नसे. “आज काय, ऋता?” एवढंच म्हणे, आणि संभाषणाची गाडी फिरून फिरून पॅरासिटामॉलच्या स्टेशनात येई. “बाळ छान आहे. तू झोप.”

झोप! ती मिळाली असती तर ही गोष्टच घडली नसती.

‘साडेतीन’ हा पुण्याचा पॉप ग्रुप. तिघं पूर्णवेळ वाजवणारे-गाणारे, त्यांत गायिका मंजूषा आणि चाली बांधणारा अरुण, आणि चौथा ड्रमवाला बँकेत नोकरीला असल्यामुळे फक्त रविवारचा, म्हणून अर्धा. त्यांचे पहिले चार अल्बम कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगला घसा फुटेस्तोवर गायले गेले. नंतरचे चार कुणी विकत घेतले, हे त्या दुकानदारांनाच ठाऊक. त्यातला शेवटचा, आठवा, ‘सावकाश’. “सावकाश कसला, जागच्या जागी थांबलाय,” हा विनोद प्रत्येक चाहत्याने स्वतःचा म्हणून एकदा तरी केलेला. ऋताने दोनदा.

इथल्या चाहत्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. योगिनी त्याची अ‍ॅडमिन. या हिवाळ्यात त्यात ठरलं की नंतरच्या चार अल्बमना आपण न ऐकताच फाशी दिलंय, तर एकदा फेरसुनावणी घेऊ. दर महिन्याच्या एका रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरी एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि जे वाटेल ते ग्रुपवर लिहायचं.

पाचव्याची सुनावणी चालू होती त्याच सुमारास ऋताकडे एक चमत्कार झाला. राजस तासभर किंचाळत होता आणि फोनने आपल्याच मनाने चौथ्या अल्बमवरून आठव्यावर उडी मारली. दुसऱ्या गाण्याला पोरगं गपगार. तिसऱ्याला झोपलं. त्या दिवसापासून घरात ‘सावकाश’चं पारायण सुरू झालं. सारंग, तिचा नवरा, ऑफिसच्या मीटिंगमध्ये नकळत त्याच्या चाली गुणगुणायला लागला.

ऋताने ग्रुपवर सहज लिहिलं, “सावकाश मी रोज चार वेळा ऐकते.” ते आईचं रडगाणं होतं. ग्रुपने ती साधना समजली.

“ऋताताई, दंडवत!”

“इतकं खोल जाऊन ऐकणारं कुणीतरी आहे म्हणायचं.”

एकाने विचारलं, तुम्हाला या अल्बममध्ये नक्की काय सापडतं? तिने लिहिलं, “शांतता.” त्यावर बदामांचा पाऊस पडला. पोर गप्प होतं या अर्थाने ती अक्षरशः खरं बोलली होती, पण तो अर्थ कुणाला कळायला नको म्हणून पुढे काही बोलली नाही. शिवाय फुकटची अब्रू मिळत असेल तर हिंगाच्या डबीनंतर ती कुणाला नको होती?

फेरसुनावणीची मूळ कल्पना श्यामकांत काकांची. फार वर्षांपूर्वी संशोधन करायला म्हणून इथे आलेले काका इथलेच होऊन गेले. आता निवृत्त, लायडनपलीकडच्या नीउ-व्हेनेप गावात एकटे राहत. टायपिंग त्यांना जमत नसे. ते आवाजी मेसेज पाठवत, एकेक चांगला नऊ-दहा मिनिटांचा. आणि ग्रुपमधलं उघड गुपित हे की ते सगळे जण दुप्पट वेगाने ऐकत. सगळेच आयटीतले, कुणाला वेळ? त्या वेगात काका क्रिकेटचं धावतं वर्णन केल्यासारखे तडतडत. खाली रांगेने “मस्त काका!” येई. काही “मस्त काका!” मेसेज संपायच्या आत येत.

ऋताच्या त्या उक्तीनंतर काका तिला स्वतंत्रपणे मेसेज पाठवू लागले. असाच एक आला तेव्हा ती फ्लीट कालव्याच्या काठाने बाबागाडी ढकलत होती. हातांत जाड मोजे, फोन गाडीखालच्या पिशवीत, कानात इअरफोनचं बोंडूक. वेग वाढवायला मोजे कोण काढणार? त्यामुळे तिने आयुष्यात पहिल्यांदाच काकांना काकांच्या वेगात ऐकलं.

“मंजूषाचं गाणं ऐक, पोरी,” काका म्हणत होते. “पहिल्या अल्बममध्ये ती अख्खी ओळ एका दमात घ्यायची. आठव्यात तेवढा दम उरला नाही. लोक म्हणाले, अरुण आळशी झाला, तुकड्यातुकड्यांत चाली बांधायला लागला. आळशी नाही गं. तिला चढवेना, म्हणून त्याने पायऱ्या बुटक्या केल्या. आणि कुठे बोभाटा केला नाही.”

ऋता कालव्याच्या पाणी अडवणाऱ्या दरवाजापाशी थांबली. घरी आल्यावर तिने राजसला झोपवायला नव्हे, नुसतं ऐकायला म्हणून ‘सावकाश’ लावला. खरंच तसं होतं की. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक लहानसा श्वास, मग पुढचा तुकडा, जणू कुणीतरी जिन्यात हात धरून थांबलंय. चारचार वेळा ऐकून तिला जे दिसलं नव्हतं ते म्हाताऱ्याने एका वाक्यात दाखवलं. ती रडली. मग बाळंतपणानंतर असं होतं म्हणून स्वतःची समजूत घातली, आणि दुसरं गाणं लावून पुन्हा रडली.

त्यानंतर श्वास तिचा पिच्छा सोडेना. तसा श्वास ऐकणं हा राजस झाल्यापासून तिचा पूर्णवेळचा धंदाच होता. पाळण्यावर वाकून वाकून मान आखडली होती. आता ती काकांचे मेसेजही मोजे न काढता ऐकू लागली. आणि तिच्या लक्षात आलं की काका वाक्य मोडताहेत. नको तिथे. “सातव्यातलं… ते शेवटचं… गाणं ऐक. त्यात गिटार… थांबते ना…” तिने मागे जाऊन शरद ऋतूतला मेसेज काढला. तिथे तेच काका एका दमात अख्ख्या अल्बमची कुंडली मांडत होते.

“सारंग, ऐक. काकांना धाप लागतेय.”

सारंगने ऐकलं. “ठणठणीत आहेत की.”

“तू दुप्पट वेगाने ऐकतोयस!”

“मग काय, दहा मिनिटं?”

तिने योगिनीला फोन केला.

“ऋता,” योगिनी म्हणाली, “मागच्या वेळी काय होतं? हिंग.”

“हिंग वेगळं.”

“आजी?”

“आजी वेगळी.”

“आता काका. बाई, त्यांचं वय झालंय, धाप लागणारच. तू झोपतेस का गं पुरेशी?”

शेवटी तिने काकांनाच फोन लावला. “काका, तुम्हाला बोलताना दम लागतो का?”

“अगं, मी सध्या… आठव्या अल्बममध्ये आहे,” काका म्हणाले आणि हसले, आणि हसण्याचा खोकला झाला.

“डॉक्टरकडे जाऊन या ना.”

“‘सावकाश’चा रविवार होऊ दे. किती वर्षं वाट बघतोय, कुणीतरी… नीट ऐकावं म्हणून. दवाखाना काय, पळून जातोय?”

“बरं, पत्ता तरी द्या. खिचडी घेऊन येते.”

“खिचडीच्या निमित्ताने… माझी नाडी बघशील. ओळखून आहे मी तुला, ऋताबाई.” आणि फोन ठेवला. आपली कीर्ती नीउ-व्हेनेपलाही पोचलेली बघून ऋताला त्याही परिस्थितीत किंचित बरं वाटलं.

तो रविवार आला. सकाळपासून ग्रुप नुसता उकळत होता. “अरे, हा खरंच चांगला आहे की!” “आपण काय गाढव होतो.” “पाचवं गाणं तीनदा ऐकलं.” माणसं आठव्या अल्बमच्या पाया पडत होती, आणि ज्याने हा घाट घातला त्याचा पत्ता नव्हता. “काका पुराव्यांची जुळवाजुळव करत असतील, येतील तासाभराचा मेसेज घेऊन,” कुणीतरी लिहिलं. दुपार झाली. काकांच्या नावापुढे काही उमटेना.

“काकांना कुणी फोन केला का?” ऋताने विचारलं. एक अंगठा आला. एकाने नुसतं “हिंग” लिहिलं आणि त्यावर हसणारे चेहरे पडले. तिने फोन केला, वाजत राहिला. पुन्हा केला, वाजत राहिला.

मग तिने पोलिसांच्या नंबरवर फोन केला. तिकडचा माणूस शांत आणि सभ्य होता. त्याने विचारलं, पूर्ण नाव? पत्ता? ऋताने फोनमध्ये बघितलं. तिथे लिहिलं होतं, ‘श्यामकांत काका साडेतीन’. एवढ्यावर पोलीस तरी कुठे जाणार?

“योगिनी, काकांचं आडनाव काय?”

“काका.”

“आडनाव, योगिनी.”

योगिनी आठवू लागली. “अगं… ते माझ्या घरी जेवून गेलेत. गणपतीला आलेत. आडनाव…” तिने नवऱ्याला हाक मारली, त्यालाही ठाऊक नव्हतं. “पत्ताही नाही. कुणी घरी सोडायची वेळच आली नाही, ते नेहमी स्टेशनातून ट्रेन घ्यायचे. ऋता, तुला खरंच वाटतंय का काहीतरी?”

“हो.”

“मी बसते एकेकाला फोन करत,” योगिनी म्हणाली. तिचा आवाज ऋताच्या आवाजासारखा येत होता.

सारंग त्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी होता. ऋताने राजसला तीन थरांत गुंडाळलं आणि स्टेशन गाठलं. लायडनला गाडी बदलून ती नीउ-व्हेनेपच्या ट्रेनमध्ये बसली. तिथे उतरून कुठे जाणार, हे तिला माहीत नव्हतं. बाबागाडीत जुन्या फोनवर ‘सावकाश’ चालू होता, राजस गाढ झोपला होता, समोरचा डच आजोबा कौतुकाने बघत होता. तिने कानात बोंडूक घालून काकांचे जुने मेसेज पुन्हा ऐकले, या वेळी काकांना सोडून बाकी सगळं. खूप खालून जाणारं विमान. दर मेसेजात कुठेतरी पूल उघडताना वाजते ती टिण टिण घंटा. शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका, अगदी भिंतीला भिंत लागून असल्यासारखा.

आता हे ग्रुपला सांगायचं. पण ऋताचा काळजीचा मेसेज कोण वाचतो? ग्रुपची माणसं एकाच गोष्टीसाठी हातातलं काम टाकून धावत येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मोजे काढले आणि लिहायला घेतलं.

“‘सावकाश’ हा साडेतीनचा सर्वोत्तम अल्बम आहे. पहिले चार पोरकट होते. भांडायला या.

“आलात? आता बसून वाचा, आणि दुप्पट वेगाने वाचू नका. मी हा अल्बम रोज चार वेळा ऐकते, कारण माझं पोर त्याशिवाय झोपत नाही. बाकी मला काही कळत नव्हतं. जे कळलं ते काकांनी शिकवलं : कुणाचा दम कुठे संपतो ते ऐकायचं. मी त्यांचा ऐकला आहे. आज त्यांचा रविवार होता आणि ते आले नाहीत. आपल्यापैकी एकालाही त्यांचं आडनाव माहीत नाही.

“मी ट्रेनमध्ये आहे, पण मी पोचेपर्यंत उशीर होऊ शकतो. तुम्ही नीउ-व्हेनेपला राहत असाल, तुमचा ऑफिसातला कुणी, क्रेशमधली ओळखीची आई तिथे राहत असेल, तर आत्ता उठा. उघडणाऱ्या पुलाजवळ, शाळेला लागून असलेली घरं बघा. मराठी गाणं ऐकू आलं तर ते दार. नाही आलं तर शेजाऱ्यांना विचारा, एकटे राहणारे भारतीय आजोबा कुठले. काका हसत दार उघडतील आणि माझं पुन्हा हिंग होईल. होऊ दे, मला सवय आहे. मला शिव्या नंतर घाला. आधी बेल वाजवा.”