टोपाआतलं तोंड

वडीगोद्रीच्या फाट्यावर कल्याणचा बॅनर सकाळी लागला आणि दुपारच्या आत त्याच्या आईने तो फाडला. श्रद्धांजलीचा बॅनर फाडणारी बाई फाट्याने पहिल्यांदाच पाहिली. वाढदिवसाचे बॅनर फाटतात, पुढाऱ्यांचे तर रोजच फाटतात, पण मेलेल्याच्या बॅनरला आपल्याकडे कुणी बोट लावत नाही. द्वारकाबाईंनी लावलं. चहाच्या टपरीवरची खुर्ची ओढून त्या वर चढल्या, विळ्याने दोऱ्या कापल्या आणि खाली जमलेल्यांवर ओरडल्या, “जित्त्या पोराच्या फोटूला हार घालून राह्यले? जरा तरी लाज वाटू द्या!”

जमलेले एकेक करून पांगले. काय करणार? ज्या पोराला गावाने खांद्यावरून नेऊन जाळलं, तो जिवंत आहे असं त्याची आईच म्हणत होती.

बॅनर केला होता शालूने, कल्याणच्या धाकट्या बहिणीने. फाट्यावरच्या बबलूच्या फ्लेक्सच्या दुकानात ती डिझाइनचं काम करायची. मेलेला माणूस आला की मागे ढग, बाजूला समई, खाली ‘शोकाकुल’ म्हणून नावांची माळ. भावाच्या मागेही तिने तेच ढग लावले. हात सवयीने चालला, काम झालं, आणि मग ती दुकानामागे जाऊन भडाभडा ओकली. बबलू बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन नुसताच उभा राहिला.

ढग आणि समया हे पोटापाण्याचं. मनाचं चित्र शालूचं वेगळं होतं. एक परदेशी खेळ होता मोबाइलवरचा, त्याची कॉमिक्सही निघायची. त्या दुनियेतला सूर्य विझलेला, आभाळातून सारखी राख पडते, आणि मेलेल्या ताऱ्यांवरच्या किल्ल्यांसाठी लढणारे शिपाई नखशिखांत लोखंडात बंद. त्यांच्या डोक्यावर टोप चढवत नाहीत, ओततात. लोखंड निवलं की शिपाई तयार, आणि मरेपर्यंत त्याचं तोंड कुणाला दिसायचं नाही. खेळाचं नाव लांबलचक आणि जिभेला जड, म्हणून ही दोघं भावंडं त्याला नुसतं ‘राखेची दुनिया’ म्हणायची आणि त्या शिपायांना ‘राखवाले’. खेळाचं वेड कल्याणने घरात आणलं. शालूने ते कागदावर उतरवलं.

ती राखवाल्यांची चित्रं काढून इंटरनेटवर टाकायची आणि कुठल्या कुठल्या देशांतली पोरं त्याखाली वाहवा लिहायची. त्यांना वडीगोद्री माहीत नव्हती आणि वडीगोद्रीला ही चित्रं माहीत नव्हती, त्यामुळे सगळं सुखाने चाललं होतं.

चित्रासाठी समोर माणूस लागतो. कल्याण सुट्टीला आला की शालू त्याला अंगणात उभा करायची. डोक्यावर घमेलं, हातात टिकाव, खांद्यावरून गोधडी. त्या ध्यानात तो राखवाला व्हायचा आणि द्वारकाबाई चुलीपुढून हसून हसून बेजार व्हायच्या.

“अजून किती येळ?” कल्याण घमेल्याखालून कुरकुरायचा. “मान गेली माही. आन तोंड कधी काढशीन ह्याचं?”

“राखवाल्याला तोंड नसतंय.”

“तुला काढता येत न्हाई म्हण ना! म्हणून तं आवडतेत तुला हे टोपवाले.”

हे खरंच होतं. शालूच्या हाताला लोखंड वश होतं. गंज, पोचे, वितळलेल्या कडा, सगळं हुबेहूब यायचं. माणसाचं तोंड काढायला गेली की मात्र बटाटा व्हायचा. चित्राखाली कुणी ना कुणी लिहायचंच, एकदा टोप काढून दाखव. ती उत्तर द्यायची नाही.

कल्याण जालन्याला सळयांच्या एका कारखान्यात भट्टीवर होता. एकदा त्याने तिथला फोटो पाठवला. अंगात चंदेरी जाड कोट, डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे काळी काच, मागे लालभडक उजेड. खाली लिहिलं होतं, ‘पाह्य, मी बी राखवाला झालो.’ त्या फोटोवरून शालूने तिचं सगळ्यात गाजलेलं चित्र काढलं.

मग एक दिवस भट्टीत वितळवायच्या भंगारात ओल निघाली. ओलं भंगार उकळत्या लोखंडात पडलं की भट्टी उसळते. भट्टीवरच्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं आणि तरी ते पडतं, कारण घाई वरच्यांची असते आणि अंग खालच्याचं. कल्याण सगळ्यात जवळ होता.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात चुलते कचरू आणि शालू धावले. द्वारकाबाईंना ‘जरासं भाजलंय’ एवढंच सांगितलं होतं. जळालेल्यांच्या वॉर्डाच्या दाराशीच कचरूकाका थबकले, बाप्या माणूस आत जाईना. आत गेली शालू. पट्ट्या बदलत होते तेव्हा तिने भावाचं तोंड पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि तिने काकांचा हात धरून सांगितलं, “मायला दाखवू नका. काईबी करा, पन दाखवू नका.”

काकांना तेच हवं होतं. नको असलेला निर्णय दुसऱ्या कुणी घेतला की माणूस लगेच मान डोलावतो. “बराबर बोलती पोरगी,” ते म्हणाले. कल्याण घरी आला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कापडात घट्ट बांधलेला. अंगणात टेकवला न टेकवला तोच उचलला. द्वारकाबाई “तोंड दाखवा, एकदा तोंड दाखवा” म्हणत मागे धावल्या, तर बायकांनी त्यांना कमरेला विळखा घालून धरून ठेवलं. सगळ्यांनी ते मायेपोटीच केलं. मायेपोटी माणसं एकमेकांचं केवढं वाटोळं करतात, ते मागाहून कळतं.

आपल्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीचं पान आणि घोटभर पाणी घालतात. जिवंतपणी जमलं नाही तर गेल्यावर, पण घालतात. ते पाणी कल्याणच्या तोंडात पडलं नाही. तोंडच उघडं नव्हतं.

द्वारकाबाईंनी रडणं थांबवलं ते त्याच दिवशी. “भट्टीवर बिहारचेबी पोरं हायेत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्याच्यातलं कुनाचं तरी लेकरू आनून जाळलं तुमी. तिकडं त्याची माय वाट पाहून राह्यली असंन.” त्या रोज कल्याणची भाकरी थापून टोपलीत झाकून ठेवू लागल्या. दिवस चढला की फाट्यावर जायच्या आणि सळयांची गाडी दिसली की रस्त्याच्या मधोमध उभ्या राहायच्या, ड्रायव्हरला निरोप द्यायला. “कल्याणला म्हनावं, माय वाट पाह्यती, सुट्टी टाक.”

शालूने मोबाइलवरचा तो भट्टीपुढचा फोटो त्यांच्यापुढे धरला. “हाच व्हता ना माय तो? भट्टी उसळली तवा तिथंच उभा व्हता तो.”

द्वारकाबाईंनी फोटो नीट पाहिला. काळ्या काचेवर बोट ठेवलं. “ह्या टोपाच्या आत कुनीबी असंन,” त्या म्हणाल्या.

शालूने मोबाइल मागे घेतला.

बॅनर फाडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सळयांनी भरलेला एक ट्रेलर द्वारकाबाईंपासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला. टायरांचा जळका वास फाटाभर पसरला. ड्रायव्हर खाली उतरला आणि शिव्या देता देता रडायलाच लागला. कचरूकाकांनी वहिनीला दंडाला धरून घरी आणलं, खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

“उद्या हिच्या भावाकडं धाडतो हिला,” ते शालूला म्हणाले. “तिथं रस्ता तरी लांब हाये. माह्याच्यानं दुसरी मैयत न्हाई उचलायची, बाई.”

“तिकडंबी रस्ते हायेतच, काका.”

“मंग काय करू? तूच सांग. तू म्हनलीस दाखवू नका, म्हनून न्हाई दाखवलं.”

ते टोचून बोलले नव्हते. खरं तेच बोलले होते, आणि म्हणूनच ते शालूच्या जिव्हारी लागलं. आईपुढे पहिलं दार लावणारी तीच होती. तिने पाहिलेलं तोंड आता दुसरीकडे कुठेच नव्हतं. राखेत नाही, फोटोत नाही. होतं ते तिच्या एकटीच्या डोळ्यांत.

तिने ओसरीवर ड्रॉइंगचा मोठा कागद पसरला आणि पोस्टर कलरच्या बाटल्या उघडल्या. खोलीत द्वारकाबाई दाराला धडका देत होत्या, मग त्याही थांबल्या. शालूने खांदे काढले, मान काढली. ती मान तिला पाठ होती. घमेल्याखाली किती वेळा काढलेली. मानेच्या वर हात पोचला आणि तिचं तिलाही कळायच्या आत कागदावर टोप उमटला. सुबक, पोचे पडलेला, अगदी झकास लोखंडी टोप. हात पळवाट शोधत होता. तिने तो कागद टराटरा फाडला.

दुसऱ्या कागदावर तिने टोप काढला नाही. आठवलं तसं काढत गेली. जिथे भुवया नव्हत्या तिथे काढल्या नाहीत. जिथे कातडी नव्हती तिथे असायला हवी म्हणून रंगवली नाही. पापण्या राहिल्या नव्हत्या, म्हणून डोळे मिटता येत नव्हते, तेही तसेच. ओठ सुजून फाकलेले आणि आत काळोख. रंग कालवताना ती मोठ्याने रडत होती, पण हात थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून माणसाचं तोंड बटाटा न होता उतरत होतं, आणि ते हे असं होतं.

डावा कान तेवढा शाबूत राहिला होता, हेल्मेटच्या पट्ट्याखाली झाकलेला. त्याच्या बारीक वळणांना ब्रश चालेना, म्हणून तिने साधं बॉलपेन घेतलं आणि कान पेनाने काढला, दिसला होता तसा.

कचरूकाका मागे येऊन उभे राहिले. पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. “हे दाखवनार? मरंन ती.”

“अशीबी मरूनच राह्यलीये,” शालू म्हणाली आणि तिने कडी काढली.

द्वारकाबाई बाहेर आल्या. कागदापुढे उकिडव्या बसल्या. पाहिलं आणि मान हलवली. “हा माहा न्हाई,” त्या म्हणाल्या. “हा कुनाचा हाये, शालू? कुना माऊलीचं लेकरू काढलंस हे?”

 आता पुढे करायला शालूजवळ काहीच नव्हतं.

द्वारकाबाई उठायला म्हणून जमिनीला हात टेकून वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांचं बोट कागदावरच्या कानाशी गेलं. पाळी मधोमध चिरलेली होती. कल्याण रांगत होता तेव्हा त्याच्या कानात बाळी होती आणि गोठ्यातल्या वासराने ती चाटता चाटता ओढून काढली होती. नंतर तो केस वाढवून कान झाकायचा. गावालाही विसर पडला होता. शालूला ती गोष्ट धड माहीतही नव्हती. तिने फक्त पाहिलेलं काढलं होतं.

“चंद्रीच्या वासरानं ओढली व्हती,” द्वारकाबाई कुणालाच उद्देशून नाही अशा बोलल्या. “हळद भरली व्हती मी. रात्रभर मांडीवर घेऊन बसले व्हते.”

मग त्यांनी ते बाकीचं तोंड पुन्हा पाहिलं. सगळं पाहिलं. एकही जागा सोडली नाही.

“तू बघितलंस,” त्या शालूला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “तू एवढीशी पोर, तू बघितलंस. मंग मला का न्हाई दाखवलं? मी भ्याले असते व्हय त्याला? मी त्याला नाळेसगट बघितलं व्हतं.”

“माय, मला वाटलं...”

“पानी आन.”

शालूने तांब्या आणला. अंगणातल्या तुळशीचं पान कचरूकाकांनी तोडून दिलं. द्वारकाबाईंनी पान तांब्यात बुडवलं आणि कागदावरच्या फाकलेल्या ओठांवर धरलं. थेंब पडला. आणखी एक पडला. ओठांचा रंग सुटला आणि हनुवटीवरून खाली ओघळला.

“माय, रंग कच्चा हाये,” शालू कळवळून म्हणाली. “पुसून जाईन समदं.”

“जाऊ दे. तहानेलं हाये लेकरू.”

त्या पाणी घालत राहिल्या. ओठ गेले, गाल गेले, मिटता न येणारे डोळेही विरघळून गेले. लाल-काळं पाणी कागदावरून ओसरीवर आणि ओसरीवरून मातीत उतरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा द्वारकाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांना धरून ठेवायला या वेळी कुणी पुढे झालं नाही.

तांब्या रिकामा झाला तेव्हा कागदावर पेनाने काढलेला तो एक कान तेवढा उरला होता. द्वारकाबाई त्याच्यावर वाकल्या. लहानपणी झोपेतून उठवायला वाकत असतील तशाच, आणि त्या चिरलेल्या पाळीशी तोंड नेऊन म्हणाल्या, “जाय बाबा आता. भाकर झाकून न्हाई ठेवीत मी उद्यापून.”