दोन बोटांची ओळख

मी एक जुना हातमोजा आहे. कातड्याचा, आणि फक्त डाव्या हाताचा. माझा जोडीदार आता नाही. आज तुम्ही मला पाहिलंत तर नाक मुरडाल. अंगठ्याजवळची शिवण उसवली आहे, कातडं सालपटासारखं कडक झालं आहे. पण मित्रांनो, एके काळी रस्त्यावर मला फार मान होता.

एका म्हाताऱ्या कारागिराने मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवलं आणि एका मिस्त्रींनी मला विकत घेतलं. ते गावोगाव मोटारसायकलवर फिरून शिलाईची यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताला यंत्राच्या तेलाचा वास असे. हळूहळू तो मलाही लागला.

तेव्हा रस्त्यावर मोटारसायकली थोड्या होत्या. समोरून एखादी आली की मिस्त्री क्लचवरचा डावा हात उचलायचे, दोन बोटं वर करायचे आणि पुन्हा मूठ धरायचे. समोरचाही तेच करायचा. ना नाव, ना गाव. पण उन्हावाऱ्याने पिचलेल्या माणसाला तेवढ्यानेही बरं वाटायचं. कुणी उलट हात केला नाही, तर मिस्त्री पुढची कितीतरी वाट फुरंगटलेले असायचे.

काकू, म्हणजे त्यांची बायको, माझी शिवण नीट करताना टोमणा मारायच्या, "रस्त्यावरच्या सोम्यागोम्याला हात करता, आणि माझा भाऊ दारात आला की तोंडातून 'या' निघत नाही."

"तुझा भाऊ बसला की उठत नाही," मिस्त्री म्हणायचे. "ही माणसं कशी, भेटली की लगेच जातात."

काकू हसू दाबत दोरा दातांनी तोडायच्या.

एके दुपारी डोंगरातल्या वळणावर खडी सांडलेली होती. चाक घसरलं. हँडल मिस्त्रींच्या पोटात बसलं आणि गाडी कठड्यापलीकडे उतारावर जाऊन अडकली. तिचा आरसा तेवढा वर दिसत होता, जणू गाडी तिथे उभी करून ठेवली आहे. उजवा हात मोडला होता. मिस्त्री सरपटत कठड्याशी आले आणि टेकून बसले. जखम आतली होती, बाहेर रक्ताचा थेंब नव्हता. ओरडायला गेले, तर आवाजच फुटेना.

एक मोटारसायकल आली. मिस्त्रींनी मला वर उचललं. स्वाराने ऐटीत दोन बोटं वर केली आणि तो निघून गेला.

दुसरा आला. त्यानेही हात केला. मग पाचसहा जणांचं टोळकं आलं. एकामागून एक सगळ्यांनी बोटं उंचावली. एकाने तर हौसेने भोंगाही वाजवला. त्यांना वाटलं, कुणी आपल्यातलाच विसावा घेत बसला आहे. हात पेलेना, तेव्हा मिस्त्रींनी कोपर कठड्यावर टेकवलं, पण मला खाली येऊ दिलं नाही. माझ्या आत बोटं गार पडत चालली होती आणि ती ऊब परत आणणं मला जमत नव्हतं.

शेवटी दुधाची गाडी थांबली. तिच्या चालकाला ही रीत ठाऊकच नव्हती. माणूस हात करतोय म्हणजे त्याला काहीतरी हवं असणार, एवढंच त्याला कळलं. त्याने मिस्त्रींना उचलून गाडीत घातलं. दवाखान्याच्या दारापर्यंत श्वास होता. आत जाईपर्यंत तो थांबला.

त्यांच्या उजव्या हातावरचा मोजा तिथे कापून काढला. मला काकूंनी घरी आणलं.

काही दिवसांनी एक तरुण दारात आला. हेल्मेट छातीशी धरून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, मी त्या दुपारी तिथून गेलो होतो," तो म्हणाला. "त्यांनी हात केला. मीही केला."

काकूंनी विचारलं, "आणि तो हात खाली आला का, ते नाही पाहिलंत?"

काकूंनी त्याला पाणी दिलं. त्याने तांब्या हातात घेतला, पण न पिताच तो उंबऱ्यावर ठेवला.

तेव्हापासून मी कपाटाच्या खणात आहे. मला तेल लावा, ऊन दाखवा, असं मागणं नाही माझं. मित्रांनो, वाटेत कुणी हात केला तर तुम्हीही जरूर करा. पण पुढे गेल्यावर एकदा आरशात बघा. ओळखीचा हात लगेच खाली येतो. तो वरच राहिलेला दिसला, तर गाडी वळवा.